बंबाची तोटी ते कारखान्यातील प्लग व्हॉल्व्ह : एका वस्तूचा इतिहास

श्रीकालिकामातेच्या कृपेने आपल्या ज्ञातीची वार्षिक स्मरणिका याही वर्षी सिद्ध होत आहे. तीत गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन, विवाहेच्छू मुलामुलींची माहिती, जमाखर्च आणि दिवंगतांना श्रद्धांजली ही सदरे असतातच. परंतु ज्या धंद्यावरून आपल्या तांबट-कासार समाजाला नाव मिळाले, त्या धंद्याविषयीही चार शब्द असावेत, अशी कार्यकारी मंडळाची सूचना आली. प्रस्तुत लेखकाची बहुतेक हयात बीड जिल्ह्यातील व बाहेरील कारखान्यांत नळांची जोडणी व दुरुस्ती करण्यात गेली. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, हाताखालून गेलेल्या एका वस्तूचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा असे योजिले आहे.

आपल्या मेळाव्यांतून एक वाक्य नेहमी कानी पडते. 'पितळ गेले, स्टेनलेस आले आणि आपला धंदा बुडाला.' हे वाक्य खोटे नाही. ज्या आळीत पहाटेपासून मठारकामाचा नाद चाले, तेथे आज तयार भांड्यांची दुकाने आहेत. आपली मुले कारखान्यात फिटर झाली, तेव्हा 'वडिलोपार्जित हुन्नर सोडून चाकरी पत्करली' असे बोलही त्यांना ऐकावे लागले. परंतु हुन्नर खरोखर सुटला काय? की त्याने केवळ वेष पालटला? या प्रश्नाचे उत्तर मला एका लहानशा वस्तूत सापडले. ती वस्तू म्हणजे तोटी.

घरातील तोटी

न्हाणीघरातील तांब्याचा बंब आठवा. मधोमध निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी आणि खाली पुढच्या अंगाला पितळी तोटी. बंबाचे अंग तांबटाने ठोकून घडवावे आणि तोटी ओतून घेऊन ती डाग देऊन बसवावी, अशी कामाची वाटणी असे. त्या तोटीचे भाग दोनच. बाहेर एक कवच आणि त्याच्या पोटात खाली निमुळता होत गेलेला भरीव गाभा. गाभ्याला आडवे आरपार भोक असते. मूठ नळीच्या दिशेने केली की भोक नळीसमोर येते आणि पाणी वाहू लागते. मूठ काटकोनात फिरविली की गाभ्याची भरीव बाजू आड येते आणि पाणी थांबते. चतुर्थांश फेरा, एवढेच तिचे काम. तिच्यात स्प्रिंग नाही, रबर नाही, आटे असलाच तर तो गाभा जागेवर धरणाऱ्या तळाच्या चाकीपुरता.

कारखान्यात ज्याला प्लग व्हॉल्व्ह म्हणतात, तो तत्त्वतः हाच होय. ज्या घरी बंब कधी नव्हता, त्या घरीही ही वस्तू आहे. गॅसच्या शेगडीची जी चावी आपल्या गृहिणी दिवसातून अनेकदा फिरवितात, तिच्या आतही पुष्कळदा असाच निमुळता पितळी गाभा असतो आणि त्याला विशिष्ट ग्रीज लावलेले असते. ते ग्रीज सुकले की चावी जड फिरते व गॅस झिरपण्याची भीती उत्पन्न होते. म्हणून जड झालेली चावी बळाने फिरवीत न राहता जाणकाराकडून साफ करून घ्यावी, एवढी सूचना येथेच करून ठेवतो.

गाभा निमुळता का करावयाचा, हे समजले की सारी विद्या समजली. सरळ नळकांड्यासारखा गाभा झिजला म्हणजे त्याच्या व कवचाच्या मध्ये फट पडते आणि ती भरून निघत नाही. निमुळता गाभा झिजला तर किंचित खाली बसतो आणि फट आपोआप मिटते. परंतु याच गुणात त्याचा दोषही आहे. जितका घट्ट बसेल तितका तो गळत नाही, आणि जितका घट्ट बसेल तितका तो अडकतो. गळणे आणि अडकणे या दोन टोकांमधील वाट शोधणे, हाच या वस्तूचा दोन हजार वर्षांचा इतिहास आहे.

प्राचीन काळ

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमधील अलेक्झांड्रिया नगरीत टेसिबियस नावाचा एक कल्पक यंत्रज्ञ होऊन गेला. पाण्याच्या दाबावर वाजणारे वाद्य त्याने रचिले. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस याने आपल्या वास्तुशास्त्रावरील दहा खंडांच्या ग्रंथात त्या वाद्याचे वर्णन केले असून, वारा सोडण्या-रोखण्यासाठी त्यात तोट्या असल्याचे नमूद केले आहे. रोमन लोकांनी शहरोशहरी शिशाच्या नळांतून पाणी खेळविले व त्या नळांवर काशाच्या तोट्या बसविल्या. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गडप झालेल्या पाँपेई नगरात अशा तोट्या उत्खननात मिळाल्या आहेत. आरपार भोक असलेला गाभा आणि तो फिरविण्याची सोय ही रचना पाहिली, तर आपल्यापैकी कोणीही जुना कारागीर ती तत्काळ ओळखील.

येथे धातूविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कासे म्हणजे तांबे व कथील आणि पितळ म्हणजे तांबे व जस्त, हे आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असे. परंतु काही पाण्यात पितळेतील जस्त हळूहळू निघून जाते. मागे तांबूस व भुसभुशीत धातू उरतो आणि वरून धड दिसणारी तोटी हातात तुकडा होऊन येते. म्हणून पाण्याच्या व वाफेच्या मोठ्या कामास तांबे, कथील आणि थोडे जस्त यांचा मिश्रधातू वापरतात. त्याला कारखान्यात गनमेटल म्हणतात. कोणत्या पाण्यास कोणता धातू, हा विचार कारखान्याच्या प्रयोगशाळेत होतो, तसाच तो आपल्या मुशीपाशीही होत असे.

आपल्या जिल्ह्यातील पाण्याची परंपरा

बीड हा अवर्षणाचा जिल्हा. तरीही पाणी वळविण्याची विद्या येथे जुनी आहे. बीड शहराजवळील खजाना बावडी १५८२ साली, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, सलाबतखानाने बांधविली व तिचे काम भास्कर नावाच्या स्थपतीने केले. जमिनीखालच्या नहरीतून पाणी उताराने आपोआप पुढे जाते आणि रानाला मिळते. शेजारी औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर खोदून मातीच्या नळांतून शहराला पाणी दिले. पुण्यास अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणून ते हौदांत खेळविले.

या सर्व योजनांत एक साम्य आहे. पाणी वाहते असे. हौद भरला की ते पुढे जाई आणि ज्याला हवे तो तेथे येऊन भरून घेई. पाणी दाबाखाली कोंडून ठेवावयाचे आणि हवे तेव्हाच सोडावयाचे, ही गरज घरोघर लोखंडी नळ गेल्यावर उत्पन्न झाली. मुंबईस विहार तलावाचे पाणी १८६० साली आणि तानशाचे १८९२ साली आले. ज्या दिवशी घरात नळ आला, त्या दिवशी घरात तोटीही आली.

वाफेचे युग

इंग्लंडात १७१२ साली टॉमस न्यूकोमेन याने खाणीतील पाणी उपसणारे वाफेचे इंजिन उभारले. त्यात वाफ आत घेणे व थंड पाण्याचा फवारा सोडणे ही कामे झडपा आणि तोट्या उघडून-मिटवून होत. अशी आख्यायिका आहे की हंफ्री पॉटर नावाच्या मुलावर हे काम सोपविले होते. तो कंटाळला व त्याने हलत्या दांड्याला दोऱ्या बांधून तोट्या आपोआप फिरतील अशी युक्ती केली. गोष्ट खरी असो वा रचलेली, इंजिनाला स्वतःच्या तोट्या स्वतः फिरविण्यास शिकविणे ही यंत्रविद्येतील मोठी पायरी होती, यात शंका नाही.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि वाफेचे युग महाराष्ट्रात आले. इंजिनाच्या बाष्पकात पाणी किती आहे हे दाखविणारी काचेची नळी असते. ती फुटली तर वाफ बंद करता यावी म्हणून तिच्या वर, खाली व तळाशी लहान कॉक बसवीत. ते बहुधा याच जातीचे. रेल्वेच्या मोठ्या कारखान्यांत लोहारखान्याप्रमाणे तांबटकामाचाही स्वतंत्र विभाग असे. साहेबाने त्याला इंग्रजी नाव दिले होते, परंतु आत घण आणि तांब्याची नळी यांचीच भाषा चाले.

तेलाचे युग व व्हॉल्व्हचे प्रकार

वाफेचा दाब व उष्णता वाढत गेली, तशी साधी तोटी अपुरी पडू लागली. उष्ण वाफेने गाभा फुगतो, कवच त्या मानाने थंड राहते आणि गाभा जागीच आवळला जातो. म्हणून मुख्य वाफेच्या नळांवर गेट व्हॉल्व्ह व ग्लोब व्हॉल्व्ह यांनी जागा घेतली आणि तोटी मागे पडते की काय, असे वाटू लागले. तिला पुनर्जन्म दिला तो खनिज तेलाने व वायूने.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॉर्डस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश अभियंत्याने गाभ्यावर खाचा पाडून त्यांत दाबाने वंगण भरण्याची युक्ती काढली. हे वंगण तीन कामे करते. फट बुजविते, घर्षण कमी करते आणि गाभा अडकला असेल तर त्यास खालून किंचित उचलून मोकळा करते. हा वंगणयुक्त प्लग व्हॉल्व्ह तेलाच्या व वायूच्या लांब नळमार्गांवर रूढ झाला. आपल्याकडे तुर्भे येथील तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ च्या सुमारास सुरू झाले. पुढे १९७४ साली मुंबईच्या समुद्रात तेल सापडले आणि अशा व्हॉल्व्हची गरज वाढतच गेली.

दुसरा प्रकार वंगणाविना चालणारा. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञास योगायोगाने जो गुळगुळीत पदार्थ गवसला, तो टेफ्लॉन या नावाने आज स्वयंपाकघरातील तव्यावरही आला आहे. त्याचे अस्तर कवचात बसविले म्हणजे गाभा वंगणाविना फिरतो. आम्ल, क्षार किंवा जेथे वंगणाचा कण मिसळून चालत नाही असे द्रव, यांसाठी हा उत्तम. मात्र फार उष्णता त्यास सोसत नाही.

तिसरा प्रकार उत्केंद्री गाभ्याचा. यात गाभा पूर्ण नसून अर्धाच असतो व तो मध्यापासून थोडा सरकवून बसविलेला असतो. उघडताना तो बैठकीवर घासत नाही, तिच्यापासून सुटून बाजूस जातो. कागदाचा लगदा, सांडपाणी, गाळ यांसारख्या दाट व खरखरीत प्रवाहांस तो सोयीचा. चौथा प्रकार उचलून फिरविण्याचा. यात मूठ प्रथम गाभा वर उचलते, नंतर फिरविते, मग पुन्हा खाली बसविते. पाचवा प्रकार अनेक तोंडांचा. गाभ्यातील भोक काटकोनात वळलेले किंवा तीन फाट्यांचे केले, म्हणजे एकाच मुठीने एका टाकीचा प्रवाह दुसरीकडे वळविता येतो. दोन-तीन साध्या व्हॉल्व्हांचे काम एकटा करतो आणि चूक होण्याचा संभवही कमी होतो.

या सर्वांस दोन नियम सारखेच लागू आहेत. पहिला असा की प्लग व्हॉल्व्ह मुख्यतः पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवावयाचा असतो. अर्धवट उघडा ठेवून प्रवाह कमी-जास्त करीत राहिल्यास साध्या गाभ्याची कड झिजते. दुसरा नियम असा की तो चतुर्थांश फेऱ्यात मिटतो म्हणून झटकन मिटवू नये. लांब नळातून धावणारे पाणी एकाएकी अडविले तर ते घणासारखा आघात करते व नळ फुटू शकतो. म्हणूनच मोठ्या व्हॉल्व्हना दंतचक्रे लावून ते सावकाश मिटतील अशी व्यवस्था करतात.

साखर, वीज आणि आपली मुले

१९५० साली प्रवरेकाठी पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले आणि पुढे मराठवाड्यातही कारखान्यांची धुराडी उभी राहिली. बीड जिल्ह्याने या उद्योगास ऊस तोडणारे हात पुरविले, हे जगजाहीर आहे. परंतु कारखान्याच्या आत रस, पाक आणि मळी वाहून नेणाऱ्या नळांपाशी आपल्या ज्ञातीची मुलेही होती, हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. मळी हा पदार्थ दाट व चिकट. ज्या व्हॉल्व्हच्या पोटात खळगे असतात, तेथे ती साचते व थंड झाली की घट्ट होते. प्लग व्हॉल्व्हमध्ये प्रवाहास सरळ वाट मिळते व साचण्यास जागा थोडी राहते. म्हणून मळीच्या नळांवर त्याची निवड होते.

परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्राचा ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ साली सुरू झाला. १९८० च्या दशकात २१० मेगावॅटचे संच उभे राहिले व पुढे २५० मेगावॅटचे आले. पहिले दोन लहान संच केव्हाच निवृत्त झाले आहेत. ज्योतिर्लिंगाच्या या गावी आपल्या अनेक कुटुंबांतील तरुण फिटर, वेल्डर व मदतनीस म्हणून लागले. भांड्याच्या दुकानात जो मुलगा 'हा हंडा गळका आहे' हे नुसत्या टिचकीने सांगत होता, तो आता नळाच्या सांध्यावर कान ठेवू लागला.

लेखकाच्या उमेदवारीच्या काळातील एक प्रसंग सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. एका कारखान्यात मळीच्या नळावरील व्हॉल्व्ह अडकला होता. हंगाम ऐन भरात, वरिष्ठांची घाई आणि अंगात तरुणपणाची रग. मी मुठीवर लांब पाइप चढविला व सारे बळ लावले. गाभ्याची मान तुटली. पुढे अर्धी पाळी तो नळ बंद राहिला आणि मला व्हावयाची ती बोलणी झाली. रात्री घरी येऊन आजोबांना हकिकत सांगितली. त्यांनी कारखान्याचे दार कधी पाहिले नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "अरे, बंबाची तोटी अडकली तर आपण ती पिळतो का? खालची चाकी सैल करायची, खालून लाकडी हातोडीने हलकेच टिचकी द्यायची. आधी उचल, मग फिरव."

त्या दिवशी मला उमगले की नॉर्डस्ट्रॉमने वंगणाच्या दाबाने जे साधले, तेच आजोबांची लाकडी हातोडी साधत होती. मात्र चालू नळावर दाब असताना चाकी सैल करणे घातक असते. आधी मागचा प्रवाह बंद करावा, दाब उतरवावा, मगच हात घालावा. हे शिक्षण कारखान्याचे. दोन्ही शिक्षणे मिळून एक फिटर होतो.

आजोबांनी मग मला गाभा जुळविणे शिकविले. गाभ्यावर तेलात कालविलेले काजळ पातळ लावून तो कवचात एकवार फिरवावा. जेथे काजळ पुसले जाईल तो उंचवटा. बारीक पूड व तेल घालून तो घासावा, पण एकाच दिशेने गोल फिरवीत राहू नये. थोडे पुढे, थोडे मागे, मधूनमधून उचलून जागा बदलावी, नाहीतर अंगावर वळी उठतात. साऱ्या अंगावर सारखा मळकट रंग दिसू लागला की गाभा कवचाशी जुळला. कारखान्यात हीच क्रिया निळा रंग व एमरीची लुकणी वापरून करतात आणि तिला लॅपिंग म्हणतात. नाव बदलले, मनगट तेच राहिले.

पाणी थांबविण्याचा अर्थ

या विद्येचे मोल आपल्या जिल्ह्याला इतरांहून अधिक कळावयास हवे. २०१३ साली आणि पुन्हा २०१५ साली पाण्याअभावी परळीचे वीज केंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती, पाणी नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात पाणी आगगाडीने येते, तेथे ठिबकणारी तोटी ही किरकोळ बाब नव्हे. वाहत्या पाण्याची व्यवस्था भास्कर स्थपतीने लाविली. आजच्या पिढीपुढचा प्रश्न ते वेळेवर थांबविण्याचा आहे, आणि थांबविण्याची विद्या तर आपल्या घरातली आहे.

तेव्हा ज्ञातिबांधवांस तीन विनंत्या करतो. ज्या घरांत जुन्या तोट्या, साचे, मुशी, लाकडी हातोड्या असतील, त्यांनी त्या मोडीत घालू नयेत. निदान छायाचित्र काढून, वस्तूचे आपल्या घरातील नाव लिहून ते मंडळाकडे पाठवावे, कारण वस्तूपेक्षा तिचे नाव लवकर नष्ट होते. ज्यांचे वडील-आजोबा कारखान्यांत राबले, त्यांनी त्यांच्या कामाची हकिकत दोन पाने तरी लिहून काढावी. आणि मंडळाने शिष्यवृत्ती देताना वैद्यक व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांबरोबर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर अथवा नळकारागीर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचाही तितक्याच मानाने विचार करावा. व्यासपीठावर त्यांना शेवटच्या रांगेत बसवू नये.

धंदा बुडाला असे म्हणणाऱ्यांस माझे नम्र उत्तर असे की, भांडे गेले हे खरे, पण दोन धातू एकमेकांशी इतके जुळवावे की मधून पाण्याचा थेंबही जाऊ नये, ही कला गेलेली नाही. ती परळीच्या नळांत आहे, साखरेच्या कारखान्यांत आहे आणि आपल्या शेगडीच्या चावीत आहे. आजोबांची ती लाकडी हातोडी अद्याप माझ्यापाशी आहे. यंदाच्या मेळाव्यास ती घेऊन येईन. ज्या मुलाला वा मुलीला गाभा जुळविणे शिकावयाचे असेल, त्यांनी एक जुनी तोटी बरोबर आणावी. इत्यलम्.